गिरणीमालकांच्या कचेरीतून व्हाइसरॉयच्या मंडळात : सर होमी मोदी

महाबळेश्वर, प्रतिनिधी -

महाबळेश्वरची बाजारपेठ मागे टाकून कोणत्याही पॉइंटच्या दिशेने निघाले, की झाडीत दडलेले जुने बंगले दिसू लागतात. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात याच डोंगरावर मुक्कामाला येत असे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने येथे माल्कम पेठ वसली आणि गव्हर्नरापाठोपाठ मुंबईचे शेटजी, बॅरिस्टर व गिरणीमालकही वर चढू लागले. सत्ता आणि संपत्ती यांचा शेजार म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून सोयीचे ठिकाण नाही. हा शेजार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकाच घरात नांदू लागला तेव्हा काय घडले, हे पाहायचे तर मुंबईचे पारशी उद्योगपती सर होमी मोदी यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

त्याआधी सातारकरांच्या माहितीचे एक नाव घेणे योग्य ठरेल. साताऱ्याचे उद्योजक सर धनजीशा कूपर हे १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. (प्रांताच्या प्रमुखाला त्या काळी पंतप्रधान म्हणत.) निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली होती, परंतु गव्हर्नरच्या विशेष अधिकारांबाबत खुलासा होईपर्यंत तिने सत्ता स्वीकारण्यास नकार दिला. त्या पोकळीत १ एप्रिल १९३७ रोजी कूपर मंत्रिमंडळ आले आणि १९ जुलैला गेले. त्यानंतर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातील कोणालाही न विचारता देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला. पुढे १९४६ पर्यंत मुंबई इलाख्याचा कारभार गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार पाहत होते. म्हणजे युद्धाच्या काळात मुंबईत लोकनियुक्त मंत्रिमंडळ असे नव्हतेच. ज्या भारतीयांना युद्धकालीन सरकारात शिरायचे होते, त्यांच्यासाठी एकच दार उघडे राहिले, ते दिल्लीचे.

होरमसजी पेरोशॉ मोदी यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८१ रोजी मुंबईत झाला. सेंट झेवियर्स कॉलेजातून एम. ए. आणि नंतर एलएल. बी. होऊन त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. (आडनावावरून आजच्या वाचकाने गल्लत करू नये, हे मुंबईचे पारशी मोदी.) त्यांचे राजकीय दैवत होते फिरोजशहा मेहता. १९२१ मध्ये त्यांनी मेहतांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. फिरोजशहांच्या जीवनाचा तपशील शोधणाऱ्याला आजही त्या चरित्राकडेच जावे लागते. फिरोजशहांप्रमाणेच मोदींनीही सार्वजनिक जीवनाचे धडे मुंबई महापालिकेत गिरवले. १९२३-२४ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष होते. ‘महापौर’ ही पदवी १९३१ मध्ये आली. सनदशीर मार्ग, आकडेवारीनिशी भाषण, सरकारवर टीका पण सरकारशी वैर नाही, हा नेमस्तांचा पिंड मोदींमध्ये पुरेपूर उतरला होता. त्यांचा हजरजबाबीपणाही दांडगा होता. सभागृहात प्रतिपक्षाला हसवून गार करण्याची हातोटी त्यांच्याकडे होती आणि तिचा त्यांना स्वतःलाही थोडा अभिमान असावा.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते गिरणीधंद्यामुळे. १९२७ मध्ये आणि पुढे १९२९ ते १९३४ या काळात ते मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होते. गिरणगाव तेव्हा संपांनी हादरत होते, जपानी कापडाने बाजार व्यापला होता आणि जागतिक मंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले होते. मालकांची बाजू मांडायला वकिलाची जीभ आणि नगरसेवकाची चिकाटी असलेला माणूस हवा होता. तो त्यांना मोदींच्या रूपाने मिळाला. गिरणीमालकांच्याच मतदारसंघातून ते १९२९ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. गोलमेज परिषदेलाही ते प्रतिनिधी म्हणून हजर होते. १९३३ मध्ये देशातील मालकवर्गाची ‘एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया’ ही संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते प्रमुख होते. १९३४ मध्ये ते टाटा सन्सचे संचालक झाले आणि १९३५ मध्ये ‘सर’.

याच वर्षांतील एका कराराने त्यांच्या नावाला कायमची टीका चिकटली. ऑक्टोबर १९३३ मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे शिष्टमंडळ सर विल्यम क्लेअर-लीस यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत आले. त्यांच्याशी मोदींनी केलेला समझोता ‘मोदी-लीस करार’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश कापडाला आयातकरात सवलत मिळावी याला मुंबईच्या मालकांनी संमती द्यायची आणि त्या बदल्यात लँकेशायरने भारतीय कापूस अधिक प्रमाणात वापरण्याचा प्रयत्न करायचा, असा त्याचा गाभा होता. मोदींचा हिशेब उघड होता. खरा प्रतिस्पर्धी जपान आहे, तेव्हा मँचेस्टरशी तह करून टोकियोशी लढावे. पण विदेशी कापडाच्या होळ्या पेटवणाऱ्या देशाला हा हिशेब पटणार कसा? कस्तुरभाई लालभाईंसह अहमदाबादच्या मालकांनी विरोध केला. काँग्रेसजनांनी तर मुंबईच्या गिरणीवाल्यांनी देश विकल्याचीच भाषा वापरली. व्यापारी शहाणपण म्हणून या कराराचे समर्थन करता येते; राजकीय शहाणपण म्हणून ते करणे अवघड आहे. सत्तेशी बोलणी करून पदरात काही पाडून घ्यायचे, ही मोदींची पद्धत मात्र त्यातून स्पष्ट झाली. आठ वर्षांनंतर व्हाइसरॉयने त्यांना बोलावले ते याच पद्धतीमुळे.

जुलै १९४१ मध्ये लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला. सात सभासदांचे मंडळ बारांचे झाले आणि त्यांपैकी आठ भारतीय होते. ब्रिटिश राजवटीच्या इतिहासात या मंडळात भारतीयांचे बहुमत प्रथमच झाले, असे सरकारने मोठ्या आवाजात सांगितले. त्यातली मेख टीकाकारांनी लगेच दाखवली. संरक्षण, गृह आणि अर्थ ही तिन्ही नाड्यांची खाती इंग्रजांच्याच हाती राहिली होती आणि व्हाइसरॉयचा नकाराधिकारही शाबूत होता. भारतीयांच्या वाट्याला आलेल्या खात्यांत मात्र एक खाते युद्धाच्या ऐन मध्यावर बसलेले होते. ते म्हणजे पुरवठा खाते. हे खाते होमी मोदींकडे आले. परदेशस्थ भारतीयांचे खाते यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांना मिळाले. बंगालचे उद्योजक नलिनी रंजन सरकार यांच्याकडे आरंभी शिक्षण, आरोग्य व जमीन ही खाती होती. ही तीन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

येथे जगाच्या नकाशाकडे एक नजर टाकली, तर चमत्कारिक साम्य आढळते. मोदी दिल्लीत पुरवठा खाते हाती घेत होते, त्याच्या महिनाभर आधी, जून १९४१ च्या अखेरीस, लंडनमध्ये चर्चिल यांनी तेच खाते लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्याकडे सोपवले होते. मॅक्स एटकिन हे त्यांचे मूळ नाव. कॅनडात जन्मलेला हा गृहस्थ कंपन्यांच्या विलीनीकरणात तरुणपणीच गबर झाला, मग इंग्लंडमध्ये वृत्तपत्रांचा मालक झाला आणि १९४० मध्ये विमान उत्पादन मंत्री म्हणून त्याने घराघरातील अॅल्युमिनियमची भांडी लढाऊ विमानांसाठी मागितली. खुद्द कॅनडात युद्धसामग्री व पुरवठा खाते सी. डी. हाऊ यांच्याकडे होते. धान्याची प्रचंड कोठारे बांधून त्यांनी संपत्ती मिळवली होती. युद्ध हे कारखान्यांचे असते. कारखाने ज्यांना कळतात त्यांच्याच हाती पुरवठा द्यावा, हा विचार तिन्ही राजधान्यांत एकाच वेळी प्रबळ झालेला दिसतो.

साम्य येथेच संपते. बीव्हरब्रुक व हाऊ हे संसदेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळांत बसत होते. त्यांचा देश जिंकला तर ते जिंकणार होते. मोदी ज्या सरकारात बसले ते लोकांनी निवडलेले नव्हते, आणि देशातील सर्वांत मोठा पक्ष त्या सरकारच्या विरोधात होता.

पुरवठा खात्याचा पसारा किती मोठा होता? युद्धापूर्वी सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी फौज युद्ध संपेपर्यंत वीस लाखांच्या पुढे गेली. या फौजेचे गणवेश, तंबू, बूट, घोंगड्या, वाळूच्या पिशव्यांसाठी ताग, लाकूड, पोलाद, दारूगोळा अशी सगळी खरेदी या खात्यामार्फत होई. शिवाय इजिप्तपासून मलायापर्यंत लढणाऱ्या साम्राज्याच्या फौजांनाही हिंदुस्थानातून माल जात असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि मे १९४२ पर्यंत ब्रह्मदेश हातचा गेला. तेव्हापासून कलकत्ता, जमशेदपूर हा पोलाद-तागाचा पट्टाच आघाडीच्या जवळ आला. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. मोदींना काम कमी नव्हते.

पण प्रश्न कामाचा नव्हता, कामाच्या स्वरूपाचा होता. ज्या गिरण्यांचे ते कालपर्यंत प्रवक्ते होते, त्याच गिरण्यांकडून आता ते सरकारसाठी कापड घेत होते. ज्या टाटा समूहाच्या संचालक मंडळावरून ते आले होते, त्याच समूहाचे पोलाद चिलखती गाड्यांना लागत होते. युद्धामुळे नफा फुगला हे खरे. सरकारने १९४० मध्ये जादा नफ्यावर ५० टक्के कर बसवला आणि १९४१ मध्ये तो दोन तृतीयांशावर नेला, यावरूनच त्या फुगवट्याची कल्पना येते. लष्कराने कापड उचलले, जपानचे कापड बंद झाले आणि बाजारात सामान्य माणसाच्या धोतर-लुगड्याचा भाव भडकला. कापडाच्या किमतींवर खरे नियंत्रण आले ते जून १९४३ मध्ये, मोदी पदावरून गेल्यानंतर. हा उशीर एकट्या मोदींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. व्यापार, अर्थ, पुरवठा अशी अनेक खाती त्यात गुंतली होती. तरीही मालकांचा माणूस पुरवठा मंत्री असताना ग्राहकाची बाजू कोण मांडणार, ही शंका त्या काळी घेतली गेली असेल तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. ब्रिटनने घेतलेल्या मालाचा मोबदला लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने साठत गेला, त्याचा येथील बाजारावर ताण पडला आणि महागाई वाढली. ही व्यवस्था मोदींच्या नियुक्तीपूर्वीच, नोव्हेंबर १९३९ मध्ये ठरली होती.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये क्रिप्स योजना फसली. जुलैमध्ये मंडळाचा पुन्हा विस्तार झाला आणि श्रम खात्याचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आत आले. मालकांच्या संघटनेचे संस्थापक आणि मजुरांचे कैवारी एकाच मेजाभोवती बसले, हा त्या सरकारचा एक वेगळाच प्रसंग. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी, नेहरू, पटेल आदी नेते पकडले गेले. ही अटक ज्या सरकारने केली, त्या सरकारच्या कार्यकारी मंडळात भारतीयांचे बहुमत होते. मोदी, अणे व सरकार तिघेही त्या मंडळात होते आणि त्या वेळी त्यांच्यापैकी कोणीही राजीनामा दिला नाही.

पुढच्या काही आठवड्यांत काय झाले हे सातारा जिल्ह्याला सांगायला नको. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच काळात मोदींच्या स्वतःच्या क्षेत्रात, म्हणजे कारखान्यांत, दोन मोठे स्फोट झाले. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यातील कामगार २० ऑगस्टला बाहेर पडले, राष्ट्रीय सरकार येईपर्यंत कामावर येणार नाही असे म्हणू लागले आणि सुमारे दोन आठवडे तो अवाढव्य कारखाना थंडावला. या बंदला मालकांचीच आतून फूस आहे, असा संशय इंग्रज अधिकाऱ्यांना होता. टाटांचा एक संचालक सरकारात पुरवठा मंत्री, आणि टाटांचे कामगार त्याच सरकारच्या विरोधात संपावर! मोदींच्या स्थितीतील विसंगती याहून ठळकपणे कोणी लिहून दाखवली नसती.

कसोटीची वेळ आली ती फेब्रुवारी १९४३ मध्ये, पुण्यात. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी १० फेब्रुवारीपासून एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. ऑगस्टमधील हिंसाचाराची जबाबदारी सरकार काँग्रेसवर टाकत होते आणि गांधीजींना ती मान्य नव्हती. लिनलिथगो यांनी या उपोषणाला ‘राजकीय ब्लॅकमेल’ म्हटले होते. गांधीजी त्या वेळी ७३ वर्षांचे होते. त्याच वाड्यात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई यांचे निधन झाले होते, त्यामुळे कोठडीत मृत्यू ही केवळ कल्पना उरली नव्हती. गांधीजींना सोडावे की नाही, हा प्रश्न मंडळापुढे आला. व्हाइसरॉय अढळ राहिले.

१७ फेब्रुवारीला मोदी, अणे आणि सरकार यांचे राजीनामे जाहीर झाले. तिघांचे संयुक्त निवेदन अगदी त्रोटक होते. गांधीजींच्या उपोषणाबाबत काय करावे या मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले असून आपण पदावर राहू शकत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. व्हाइसरॉयने दाखवलेल्या सौजन्याबद्दल आभारही होते. ना आरोप, ना आवेश. नेमस्तांचा राजीनामा असाच असायचा.

या राजीनाम्याचे मोल काय? त्याने गांधीजी सुटले नाहीत. १९-२० फेब्रुवारीला दिल्लीत सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय नेत्यांनी सुटकेची मागणी केली, तीही फेटाळली गेली. गांधीजींनी उपोषण ३ मार्चला पूर्ण केले आणि त्यांची सुटका झाली ती मे १९४४ मध्ये. (युद्ध युरोपात संपले त्या १९४५ च्या मे महिन्यात गांधीजींचा मुक्काम महाबळेश्वरलाच होता.) सरकारचे गाडेही अडले नाही. पुरवठा खाते रामस्वामी मुदलियार यांच्याकडे गेले आणि अण्यांच्या जागी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे आले. आंबेडकर मंडळातच राहिले. श्रम खाते हाती घेऊन त्यांना जेमतेम सात महिने झाले होते आणि काँग्रेसच्या राजकारणाशी त्यांचे सख्य कधीच नव्हते. त्यांच्या निर्णयाला वेगळी कारणे होती. मोदींच्या मापाने तो मोजता येत नाही.

तरीही त्या तिघांचा निर्णय क्षुल्लक नव्हता. ऑगस्टमध्ये का नाही आणि फेब्रुवारीत का, असा प्रश्न विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे. लेखकाला त्याचे उत्तर असे दिसते. कायदेभंग मोदींना कधीच मान्य नव्हता. काँग्रेसला रोखणे हे सरकारचे कामच आहे, असे फिरोजशहांच्या शिष्याला वाटणे स्वाभाविक होते. परंतु कैदेतील वृद्ध नेता मरत असेल तर तो मरू द्यावा, या निर्णयावर भारतीय म्हणून सही करणे वेगळे. शिवाय भारतीय बहुमताचे मंडळ व्हाइसरॉयच्या मताला तसूभर हलवू शकत नाही, हे त्या आठवड्यात उघडे पडले. बोलणी करून काही पदरात पाडता येते, या मोदींच्या आयुष्यभराच्या विश्वासाला तेथे मर्यादा आली. राजीनाम्यामुळे त्यांचे आर्थिक नुकसान झाले असे म्हणण्यात अर्थ नाही. टाटांचे दार त्यांच्यासाठी उघडेच होते. गमावले ते स्थान, आणि ज्या सरकारने त्यांना ‘सर’ केले त्याच्याशी असलेला मोकळा संबंध.

उद्योगपतींना सरकारात घेण्याचा प्रयोग ब्रिटिशांनी सोडला नाही. जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी टाटांचेच सर अर्देशीर दलाल यांना त्याच वर्षी नियोजन व विकास खाते देण्यात आले. त्यांनीही १९४६ च्या आरंभी राजीनामा दिला.

मोदींची पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येते. ते घटना समितीचे सभासद झाले. अल्पसंख्याकांच्या हक्कांची चर्चा झाली तेव्हा पारशी समाजाने राखीव जागांचा आग्रह धरला नाही. ती भूमिका मांडणाऱ्यांत मोदी होते. संख्येने लहान आणि संपत्तीने मोठ्या समाजाला हे परवडले, असे कोणी म्हणेल. पण त्या दिवसांत प्रत्येक समाज आपला वाटा मोजून घेत असताना हे घडले, याची नोंद घ्यायला हवी. सरोजिनी नायडू यांच्या निधनानंतर मे १९४९ मध्ये ते संयुक्त प्रांताचे राज्यपाल झाले. प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. गोविंद वल्लभ पंत यांच्यासारखा काँग्रेसचा खंदा मुख्यमंत्री आणि लखनौच्या राजभवनात गिरणीमालकांचा जुना अध्यक्ष, ही जोडी जून १९५२ पर्यंत टिकली. १७ फेब्रुवारी १९४३ हा दिवस त्यांच्या खात्यावर जमा नसता, तर स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांना तेथे पाठवले असते का, हा विचार मनात येतोच. अण्यांनाही तसेच स्थान मिळाले. श्रीलंकेत सरकारचे प्रतिनिधी म्हणून काम केल्यावर १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले.

१९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी आदींनी परवाना-राजच्या विरोधात स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेले मोदी त्यात सामील झाले. नेहरूंच्या सरकारशी बोलणी करून काही हाती लागेल, ही आशा बहुधा त्यांनी सोडली होती. त्यांचे एक चिरंजीव रुसी मोदी १९३९ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यात अगदी खालच्या पायरीवर लागले आणि त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसरे चिरंजीव पिलू मोदी हे वास्तुविशारद. स्वतंत्र पक्षाचे खासदार म्हणून ते इंदिरा गांधींच्या सरकारवर तुटून पडत आणि सभागृहाला हसवत. वडिलांची जीभ कोणाकडे गेली, हे संसदेच्या जुन्या वार्ताहरांना विचारावे लागत नसे. सर होमी मोदी यांचे ९ मार्च १९६९ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले.